लिफ्टवाली इमारत आणि माझं जे काही आहे ते

मी, ज्याला घरीदारी सगळे भडक्या म्हणतात, वय तेवीस, धंदा लिफ्टदुरुस्ती, शिक्षण अर्धवट, राहणार आईवडिलांकडे आणि आज सकाळपासून लिफ्टवाल्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये, हे मृत्युपत्र पूर्ण भानावर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नाही की कोणाला भिऊन नाही, माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आलंय ते रागामुळे. डोकं जागेवर आहे.

कारण असं की उद्या सकाळी ही इमारत पाडायला पोकलेन येणार आहे आणि मी बाहेर पडणार नाही. आत माणूस आहे म्हटल्यावर पाडणारे थांबतील. नाही थांबले तर मागे घोळ नको, म्हणून ही व्यवस्था.

कलम १. माझे पाने, पकडी, टेस्टर आणि ग्रीसची पिचकारी दुकानाच्या मालकांना. कॉलेज सोडल्यावर त्यांनी मला कामावर घेतलं आणि का सोडलंस असं आजवर विचारलं नाही. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर मुळात त्यांचाच आहे, तो मी दिला असं कोणी समजू नये.

कलम २. मोटरसायकल धाकट्या बहिणीला. तिला ती चालवता येते हे घरी माहीत नव्हतं, आता झालं. पहिला गिअर नुसता दाबून पडत नाही, टाचेने रेटावा लागतो.

कलम ३. बाबांनी पाहुण्यांसमोर माझी ओळख "हा आमचा अर्धा इंजिनिअर" अशी करून दिली. पाहुणे हसले. सबब बाबांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही.

हे लिहून उठलो, खिडकीपर्यंत जाऊन आलो. माझं मनगटी घड्याळ बाबांना द्यावं. ते त्यांनीच घेऊन दिलं होतं.

आईला काय द्यावं ते सुचत नाही. तिने माझ्या खोलीत हवं ते ठेवावं, नको ते टाकावं, पण लगेच नाही.

कलम ४. मिळकतीचं वर्णन. इमारत माझ्या मालकीची नाही हे मला ठाऊक आहे. तरी वर्णन करतो, कारण उद्यानंतर करायचं तर कशाकडे बघून करायचं?

ही एका बटणांच्या व्यापाऱ्याने बांधली. त्या वेळी शहरात दोन मजल्यांच्या वर कोणी राहत नव्हतं. याने सहा चढवले आणि आत शहरातली पहिली लिफ्ट बसवली. जाळीचा सरकता दरवाजा, आत आरसा, चालवायला पितळी हँडल. बसायला कोणी धजेना. तेव्हा व्यापाऱ्याने आधी आपल्या सासूला बसवलं. ती सुखरूप खाली आली आणि दारात रांग लागली. व्यापाऱ्याचा चेहरा मात्र थोडा पडला होता, असं आमचा मामा सांगतो. मामा तेव्हा जन्मलाही नव्हता.

खाली कापडाची दुकानं, वर शिंपी, चौथ्या मजल्यावर फोटो स्टुडिओ. या शहरातल्या अर्ध्या जोडप्यांचे लग्नाचे फोटो त्याच रंगवलेल्या पडद्यापुढचे आहेत, आईबाबांचासुद्धा. पुराच्या वर्षी खालची वस्ती बायकापोरांसकट वरच्या मजल्यांवर राहिली आणि शिंप्यांनी कापडाचे तागे अंथरून दिले. बसचा थांबासुद्धा 'लिफ्टवाली'च. मामाने इथे जन्मभर लिफ्ट चालवली आणि ती मजल्याला बरोबर लागली असं फारसं झालं नाही. कधी वीतभर वर, कधी वीतभर खाली. "पाय उचला", नाहीतर "जपून उतरा", यातलं एक ठरलेलं. तरी कोणी जिन्याने गेलं नाही.

मग वारस भांडले. भाडं वाढेना म्हणून डागडुजी थांबली, डागडुजी थांबली म्हणून भाडेकरू गेले. गच्चीवर पाणी साचायचं ते खांबांत उतरलं. स्टुडिओवाला गेला, शिंपी गेले, शेवटी फाटकावर 'धोकादायक' असा पत्रा लागला. दुरुस्ती झाली असती. कोणी करायचंच मनावर घेतलं नाही.

कलम ५. त्या पत्र्यामागच्या अहवालावर जिची सही आहे तिला मी मोजपट्टी म्हणतो. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तिने काढलेला नकाशा दुसऱ्याकडून उतरवलाय असं म्हणून सरांनी तिला नापास केलं, तेव्हा मी सरांच्या टेबलावर नकाशा आखायचा टी-स्क्वेअर आपटला. तो मोडला. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही, आणि तिथेच माझं शिक्षण संपलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "माझं भांडण तुला कोणी करायला सांगितलं होतं?" पुढे तिने आपला नकाशा सरांसमोर बसून पुन्हा काढून दाखवला आणि पास झाली.

आता ती शहराच्या बांधकाम खात्यात आहे. तपासणीला आली तेव्हा तिला लिफ्टने मीच वर नेलं. ती खांबावर हातोडी मारायची, कान द्यायची, पोकळ आवाज आला की ओठ मिटून घ्यायची. मी समजत होतो माझ्यावर रागावलीय.

तर माझ्या बँकेत जे आहे ते, लिफ्टचं पितळी हँडल (मी काढून घेतलंय, चोरी म्हणायची तर म्हणा) आणि वर न लिहिलेलं माझं सर्व काही तिला मिळावं. त्यावर इतर कोणाचाही हक्क राहणार नाही. तिने त्या अहवालावर सही केली असली तरीही.

कलम ६. वरचं कलम ५ खोडलं आहे. खाडाखोड माझीच. कारण पुढीलप्रमाणे.

ती सहा जिने चढून आली. कागद हातातून घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. मी म्हटलं, आलीस बघायला, तूच मारलीस हिला.

"हिला मी नाही मारलं. मी फक्त नाडी बघितली." मग म्हणाली, "पोकलेनची वाट कशाला बघतोस? ही त्याआधीच आपणहून कोसळेल. खालच्या खांबातली सळई तू माझ्यासमोर हाताने चुरली होतीस. भुगा झाला होता. आठवतंय ना?"

आठवत होतं. मी म्हटलं, मग काय झालं.

"तू इथे मेलास तर लोक म्हणतील प्रेमापायी गेला. आणि मी जन्मभर सांगत बसेन की खांब खरंच खराब होता. तू मला हे ठेवून चाललायस. हँडलबिंडल नाही."

मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने साक्षीदार कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मामा आणि तू.

"ज्याला मिळतं तो साक्षीला चालत नाही. कलम पाच खोड."

"म्हणजे तुला माझं काहीच नको?"

"मला साक्षीदार व्हायचंय," ती म्हणाली. "वारसाला तू मरायची वाट बघावी लागते. साक्षीदाराला नाही."

पेन तिनेच पुढे केलं.

कलम ७. सही दोन्ही साक्षीदारांसमोर व्हावी लागते. मामा समोरच्या फुटपाथवर उभा आहे. वीज तोडलीय, लिफ्ट बंद, आणि गुडघ्यांमुळे मामा पहिला मजलासुद्धा चढणार नाही. म्हणजे उतरायचं मलाच. मी खाली गेलो की फाटकाला कुलूप लागणार हे मला कळतं. कुलूप तिच्या पर्समधून डोकावत होतं आणि तिने ते लपवलं नाही.

इथून पुढचा मजकूर मामाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिला आहे. मामा हलतोय.

कलम ५ मधल्या वस्तूंचं काय करायचं ते नंतर ठरवीन, वेळ आहे. उद्या मी रस्त्याच्या या बाजूला उभा राहीन. पोकलेनवाल्याला शिव्या देणार नाही असं कबूल केलेलं नाही, फक्त रस्ता ओलांडणार नाही एवढंच कबूल केलंय. मला अजूनही वाटतं की दुरुस्ती झाली असती. ती म्हणते, दहा वर्षांपूर्वी झाली असती. यावर आमचं एकमत नाही आणि भांडण चालू आहे.

मृत्युपत्र करणाराची सही: भडक्या

वरील माणूस आमच्यादेखत स्वतःच्या पायांनी इमारतीतून बाहेर आला आणि त्याने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार १: मामा, लिफ्टचालक, निवृत्त
साक्षीदार २: बांधकाम तपासनीस. उद्याही हजर राहीन.

ठिकाण: इमारतीसमोरचा फुटपाथ
दिनांक: पाडकामाचा आदला दिवस, गुरुवार