तब्येत सुधारली

१४ जानेवारी २०१९

पानिपतहून परत. महाराष्ट्र मंडळाची बस पहाटे आर. के. पुरमहून निघाली, धुक्यातून रखडत नऊला काला आंब. गेटपासून स्मारकापर्यंत अंतर ते केवढं – अविनाश दोनदा बसला. मंडळाच्या विनायकरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या पोटावर चापटी मारली. "काय अविनाश, तब्येत सुधारली हं!"

जाड झालास असं आपल्यात तोंडावर कोण म्हणतं? तब्येत सुधारली म्हणायचं. पण याचा जन्म दिल्लीचा. म्हणतो कसा, "सुधारली कुठे काका, धाप लागतेय." सगळे हसले. मीही. लग्नापासून चोवीस वर्षं शिकवतेय, मराठी काही येत नाही त्याला.

तिळाचे लाडू चार खाल्ले. मी वाढलं की नाही म्हणत नाही, हा गुण आहे.

१६ जानेवारी

ऑफिसच्या जिन्यात कोसळला. हार्ट अटॅक. आयसीयूत आहे. लिहवत नाही.

१८ जानेवारी

धोका टळला म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. वजन एकशे अठरा! "बहनजी, ये एक दिन का काम नहीं है." साखर, बीपी, लिव्हरवर चरबी, गुडघे. घोरणंसुद्धा! मला वाटायचं, गाढ झोपतो. तर झोपेत श्वास अडकतो त्याचा.

पुढे काय, विचारलं. म्हणाल्या, एवढं वजन वर्षानुवर्षं राहिलं तर आयुष्यातली आठ-दहा वर्षंही नेतं. आता उतरवलं तर बरंच सावरेल, पण "शुरू में पकड़ते तो बात और थी."

सुरुवातीला धरायला आधी कळायला नको?

१९ जानेवारी

कळलं होतं. मलाच तेवढं नाही.

त्याच्या ऑफिसातले गुणवंत पिशवी घेऊन आले – चष्मा, डबा आणि ड्रॉवरमधली एक फाइल. "वहिनी, हॉस्पिटलात लागेल." दर वर्षीच्या सरकारी मेडिकल चेकअपचे रिपोर्ट. २०१० पासून नऊ. पहिल्यात अठ्ठ्याऐंशी किलो, शेवटच्यात एकशे सतरा. प्रत्येकावर इंग्रजीत तेच – वजन कमी करा.

आणि घरी काय सांगायचा? "ओके आहे सगळं." नऊ वर्षं! केसाने गळा कापला माझा. मी वेडी, वर तूप वाढत होते.

२० जानेवारी

हॉस्पिटलात गेले नाही. नीलाला पाठवलं. पोरगी मलाच म्हणते, "आई, बिल्कुल बच्चोंवाली बात आहे ही. पप्पा आत्ता वाचलेत, यार." असू दे. ती आठ-दहा वर्षं काय त्याच्या एकट्याची होती? माझीही होती. त्याच्या रिटायरमेंटनंतर पुण्याला जाऊन राहायचं ठरलं होतं आमचं. मला न विचारता त्याने ती देऊन टाकली. इतका राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता.

स्वयंपाक केला नाही. चहा दोनदा.

२१ जानेवारी

गेले. फाइल त्याच्या पांघरुणावर ठेवली. त्याने पहिला रिपोर्ट वर काढला. मग म्हणाला, "पहिल्या साली सांगितलं होतं ना तुला."

खोटं!

"सांगितलं होतं, प्रभा. तू लाडू केलेस. इतक्या प्यारने केलेस, मग परत नाही बोललो. तुला बुरं वाटलं असतं."

म्हणजे चोर तो आणि शिक्षा मला. नाकात नळी असलेल्या माणसाशी काय भांडायचं? फाइल उचलली आणि निघाले. तो हाक मारत होता. मागे वळले नाही.

२२ जानेवारी

त्याचं खोटं पकडायला दिवाणातून २०१० ची वही काढली. ९ डिसेंबर. अक्षर माझंच.

"अविनाश चेकअपहून आला. डॉक्टर म्हणाले म्हणे, तब्येत सुधारायला हवी. टायफॉइडनंतर जरा उतरलाच आहे. उद्यापासून रोज दोन डिंकाचे लाडू."