पहिलं ताट बहिणीचं

कोसेन्झाचा डोंगर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९७४

थोरली बहीण मिम्मा हिला धाकट्या सावेरियाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? चार दारं सोडून राहतेस आणि मी तिकीट लावून विचारतेय. पोस्टातली बाई हसली तर हसू दे.

सोमवारी, सान मार्तीनोच्या सणाला, गावात नव्या वाइनची पिंपं उघडत होती आणि आम्ही निकोदेमोला पुरत होतो. चांगला होता माझा नवरा. घोरायचा फार. आता घर इतकं शांत आहे की झोप येत नाही.

सुतक म्हणून चूल विझवली, दार अर्धं लोटलं आणि बसले. सोमवारी कुणी ताट आणलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शेजारची जेल्सोमीना डोकावली.

"तोंड का गं असं उतरलंय? जेवलीस ना?"

"कुणी आणलं तर जेवेन."

"अगं बाई! पहिलं ताट सख्ख्या बहिणीचं. तिच्याआधी आम्ही कसं पुढं व्हायचं? गल्लीभर सगळ्या भांडी भरून तिच्या दाराकडं बघतायत."

तरीही ती लगेच ताट आणायला निघाली. मीच नको म्हटलं.

तीन दिवस सुक्या अंजिरांवर काढले. तुझा फार राग आला. बापाच्या चेस्टनटच्या झाडांवरून भांडलो ते भांडलो, पण मयताच्या घरीही पाठ फिरवावी?

राग टिकला मात्र नाही. तुझा नवरा बियाज्यो गेला त्याला सात वर्षं झाली. तेव्हा पहिलं ताट माझं होतं. मी कोंबडी कापली होती, मिम्मा. रस्सा केला, शेवया सोडल्या, तुझ्या उंबऱ्यापर्यंत आणला. आतून तुझं रडणं ऐकू येत होतं. मनात म्हटलं, झाडं घेतलीस ना, मग रड. मागे फिरले आणि पातेलं डुकरापुढं ओतलं. निकोदेमोला सांगितलं, मिम्मा पोटभर जेवली. तो ते खरं मानूनच गेला. गल्ली तेव्हाही माझ्यासाठी अशीच थांबली असणार. तू किती दिवस उपाशी राहिलीस, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही.

उद्या शुक्रवार, मांस चालत नाही. शनिवारी मी चूल पेटवणार आहे. सुतकात विधवेनं धूर काढला म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू देत. दुपारची घंटा झाली की पातेलं घेऊन भर गल्लीतून तुझ्याकडे येईन. सात वर्षं उशीर झाला आहे. दार उघडलंस तर दोघी जेवू. नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहीन, पण या वेळी मागे फिरणार नाही.

तुझ्याइतकीच उपाशी,
सावेरिया