शेकोटीतला माठ

पनवेल, शनिवार, १२ एप्रिल १९५८

मुंबईहून एस.टी.ने येता येता अंग आंबून गेलं. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा इतिहास मी लिहितोय, आणि आज कुलसचिव म्हणाले, वर्गाच्या भिंतीतल्या दगडी शेकोटीत ठेवलेला पाण्याचा माठ हलवा, मूळ रूप दिसू द्या. नकाशे विलायतेत काढलेले, म्हणून या उकाड्यात शेकोटी. धुराड्यातून वारा उतरतो, माठ गार राहतो. हे मी त्यांना सांगायला हवं होतं का? पण वाद घालायचं त्राण कुठलं.

जेवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "तिथे कधी जाळ केला होता का कुणी?"

"माझ्या तरी वाचनात नाही."

"मग मूळ काय, माठच की."

मी लिहिलेल्या इतक्या पानांत माठ एकदाही आलेला नाही.