आईच्या लुगड्यातली राणी

अण्णा,

आपली नाटकमंडळी अजून चालू आहे, हे आधी सांगते. दर वैशाखात देवळाच्या वर्धापनाला अंगणात झावळ्यांचा माटव पडतो, पेटी लागते, आणि नांदी सुरू झाली की बाहेर गप्पा मारणारी माणसंही आत येऊन बसतात. मधली काही वर्षं कठीण गेली. एका वर्षी तर नुसती पदंच म्हटली, नाटक उभं राहिलं नाही. पण खंड पडू दिला नाही. मी आता तालमीला खुर्चीत बसते आणि कुणाचा सूर घसरला की भुवई उचलते. तेवढ्यावर पोरं सावरतात. तुम्ही तालमीत कुणावर आवाज चढवला नाहीत. माझ्यावर एकदाच चढवलात, आणि त्या दिवसांबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मंडळी आजोबांच्या वेळची. बाजारातल्या आपल्या दुकानात एक शिलाई मशीन, कापड बेतायची एक फळी आणि ग्राहकांसाठी एक बाकडं. मंडळीचं कार्यालयही तेच. पहिला पडदा बंदरातल्या जुन्या गलबताच्या शिडाचा. तो आजोबांनी शिवला आणि पुढे तुम्ही त्याला ठिगळं लावत राहिलात. दमट हवेत त्या पडद्याला खाऱ्या पाण्याचा वास सुटायचा. शाळेतले मास्तर पायपेटी वाजवायचे, आणि मंडळीचं मुख्य नाटकही त्यांनीच रचलेलं: खोट्या संशयावरून राजा राणीला टाकतो आणि शेवटी पस्तावतो. राजा व्हायचे सुक्या मासळीचे व्यापारी. आवाज असा, की माइक नसतानाही शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. आणि राणी तुम्ही. माझ्या जन्माआधीपासून तुम्हीच.

मला ते दिवस स्वच्छ दिसतात. प्रयोगाच्या आधी दुपारी तुम्ही ट्रंक उघडून आईची लुगडी एकेक करून बाहेर काढता, उजेडात धरता, आणि आई स्वयंपाकघरात आडाळ्यावर नारळ खोवता खोवता तिथूनच सांगते, हिरवं नको, पेट्रोमॅक्सच्या उजेडात ते काळं दिसतं. तुम्ही नेसून तिच्यासमोर उभे राहता. ती मान वर करून बघते आणि म्हणते, पदर असा ओढून घेत नाहीत, तो आपसूक येतो. तुम्ही पुन्हा चालून दाखवता. शाळेत मुली मला विचारायच्या, तुझे बाबा आई होतात तेव्हा तुझी आई काय होते? मी सांगायची, आई मास्तरीण होते. पण आई तुमचा प्रयोग बघायला कधीच आली नाही. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "माझ्याच लुगड्यातलो घोव बघूक मी कित्याक जाव?"

तुमचा प्रवेश सगळ्या पंचक्रोशीत गाजलेला. राणी पूजेचं तबक घेऊन येते, दूत निरोप सांगतो की राजाने तुला टाकलं, आणि तुमच्या हातून तबक सुटतं. पितळेचं तबक खणखणत, गोल फिरत पडायचं, आणि तो आवाज विरता विरता तुम्ही पद उचलायचात. देवबागहून होड्यांनी आलेले लोक त्या तबकाची वाट बघत बसलेले असायचे. घरी पोरं ताटल्या पाडून राणी-राणी खेळायची आणि आयांचे धपाटे खायची.

मग ते वर्ष आलं. एकोणीसशे साठ उलटलं होतं. तुमचं अंग सुटलं होतं, आदल्या पावसाळ्यातल्या तापानंतर आवाजही जाडसर झाला होता. मुंबईहून सुट्टीवर आलेली तरुण पोरं पुढेच बसलेली. तिकडे सिनेमे बघून आलेली, बायकांची कामं बायकांनी केलेली नाटकं बघून आलेली. तुम्ही तबक घेऊन आलात आणि त्यातला एकजण हसला. मग दुसरा. मग हसू पुढच्या रांगेतून मागे सरकत गेलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. तुम्ही थांबला नाहीत. तबक पाडलंत, पद म्हटलंत, पुढची सगळी पदं म्हटलीत, एकही कडवं गाळलं नाहीत. घरी येऊन तुम्ही लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवलंत आणि आईला म्हणालात की आता हे तू नेस.

दुसऱ्या दिवशी दुकानात मंडळी जमली. संगीत नाटक पुरे, आता गद्य विनोदी नाटकं करू, असं काहींचं म्हणणं. काहींचं म्हणणं, बाहेरून एखादी नटी आणू. राजा खाली मान घालून बसले होते, कारण तुमच्यावाचून त्यांनी कधी रंगभूमीवर पाऊल ठेवलं नव्हतं. मी तुमचा चहा घेऊन आले होते. तुम्ही कप घेतलात आणि अगदी साध्या आवाजात सांगितलंत की नटी बाहेरून आणायची गरज नाही, राणी माझ्याच घरात आहे, सगळी पदं तिला पाठ आहेत. मला तुम्ही विचारलं नव्हतंत. पण विचारलं असतंत तर मी हो म्हणायला क्षणही घेतला नसता, हे तुम्हाला ठाऊक होतं. लहानपणापासून मशीनच्या ठेक्यावर तुमच्या मागे मीच तर म्हणत होते.

चार दिवसांत मामा आले. त्यांनी माझ्यासाठी कुडाळकडचं एक स्थळ आणलं होतं, बोलणी जवळजवळ पुरी झाली होती. ओसरीवर बसून ते तुम्हाला समजावत राहिले. माणूस नाटकात गेला तर हौस म्हणतात, पोरगी गेली तर वेगळंच म्हणतात; तुमच्या मंडळीपायी हिचं आयुष्य फुकट घालवू नका. तुम्ही ऐकून घेत होतात. मला वाटलं, आता तुम्ही माघार घेणार. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. आपल्या मोठ्या भावापुढे ती कधी उभीसुद्धा राहत नसे. त्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "दादा, माझी लुगडी इतकी वर्सां स्टेजार गेली, तेव्हा कोणाची अब्रू गेली नाय. आता त्याच लुगड्यात माझां चेडू गेलां तर ती कशी जातली?" मामा जेवले नाहीत. ते स्थळ मोडलं. मला त्याचं वाईट वाटलं का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. नाही वाटलं. मला तेव्हा फक्त तालीम दिसत होती.

पुढच्या चैत्रात दुकानाच्या मागच्या पडवीत तालीम सुरू झाली. पदं मास्तर बसवून घेत होते, चालणं-बोलणं तुम्ही. मी तबकाचा प्रवेश केला. तबक हुबेहूब तुमच्यासारखं सोडलं, ते तसंच गोल फिरलं, मी तुमच्यासारखाच हात छातीशी नेला आणि पद उचललं. मास्तरांनी वा म्हटलं. तुम्ही मात्र ताडकन उठलात. तुमचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ह्यां काय करतंस? मी बायलमाणसाची नक्कल करी. तू माझी नक्कल करतंस. नक्कलेची नक्कल बघूक लोक कित्याक येतले?"

मी रडकुंडीला आले. म्हटलं, लोकांना तेच आवडतं, तबकाची तर सगळे वाट बघत असतात. तुम्ही पुन्हा बाकड्यावर बसलात. मग आवाज खाली आणून विचारलंत, आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेल्याची बातमी आली तेव्हा तू कुठे होतीस? मी घरीच होते. गडी दारात उभा राहून सांगत होता आणि आई चुलीपाशी होती.

"तेव्हा तुझ्या आवशीन काय पाडल्यान?" तुम्ही विचारलंत.

मी आठवून बघितलं. काहीच नाही.

"आधी तिना भात उतरल्यान. झाकण घातल्यान. मगे बसली." तुम्ही मान हलवलीत. "माका बायलमाणूस दिसाक होयां होतां, म्हणान मी तबक पाडी. तुका दिसाक नको. तू आससच."

ज्या तबकासाठी लोक होड्या घालून येत होते, ते तुम्ही स्वतःच चुकीचं ठरवलंत, तेही मास्तरांसमोर आणि राजासमोर. त्या वेळी मला ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. माझं मन नव्या प्रवेशात गुंतलं होतं. पुढे मी स्वतः शिकवायला लागले, माझ्या ठरलेल्या जागा नव्या मुली मोडायला लागल्या, तेव्हा कळलं की तुम्ही काय केलं होतंत.

प्रयोगाला माटव भरून लोक बाहेर उभे. काही हसायला आलेले, काही अब्रू कशी जाते ते बघायला. तुम्ही प्रधानाचं काम घेतलं होतंत, जन्मात पहिल्यांदा मिशी लावली होतीत आणि ती पडेल म्हणून सारखी चाचपत होतात. मी आले. दूताने निरोप सांगितला. लोक तबकाच्या आवाजाची वाट बघत होते. मी तबक खाली ठेवलं, त्यातली वात विझत होती ती पुढे सारली, आणि मग बसले. माटवात इतकं शांत झालं की पेट्रोमॅक्सचा सूंसूं आवाज ऐकू येत होता. पदाचे सुरुवातीचे सूर वाजून गेले, मी उचललं नाही. मास्तरांनी पेटीवर सुरुवातीचे सूर पुन्हा घोळवले, मला श्वास मिळाला, आणि मी पद उचललं ते थेट वरच्या षड्जापर्यंत गेलं. ते संपल्यावर पहिला "वन्स मोअर" पुढच्या रांगेतून आला, त्याच मुंबईकर पोरांमधून. मी बाजूला बघितलं. प्रधानाची मिशी एका बाजूने सुटली होती आणि तिकडे तुमचं लक्ष नव्हतं.

आई त्या दिवशी आली होती. बायकांमध्ये अगदी मागे, खांबाला टेकून. घरी परतताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "भात उतरलंस तां बरां केलंस." तिला ती जागा कुठून आली ते कळलं होतं. तुम्ही पुढे चालत होतात. तुम्ही ऐकलंत की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी मास्तरांची सून आली, मग पोस्टमनच्या दोघी मुली. थोड्याच वर्षांत मंडळीत लुगडं नेसणारा पुरुष उरला नाही. धामापूरला देवीच्या उत्सवात आपला प्रयोग झाला, तिथल्या एका शाळामास्तरांनी तो पाहिला आणि मला मागणी घातली. नाटक सोडायचं नाही, एवढं मी आधीच कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की त्यांनाही मंडळीत घ्यावं. त्यांना सूर म्हणजे काय ते कधी कळलं नाही, पण पुढे कित्येक वर्षं पडदा त्यांनीच ओढला, आणि एकदाही चुकीच्या वेळी नाही. मामा लग्नाला आले, आणि जेवून गेले. तुम्ही माझ्या लेकीला मांडीवर घेऊन मशीन चालवलंत, एवढंही तुम्हाला मिळालं. मग तुम्ही गेलात. त्या वैशाखात प्रयोग करावा की नाही यावर चर्चा झाली, तेव्हा आईनेच ट्रंक उघडून दिली.

हे मी कुठे पाठवणार नाही, कुणाला वाचूनही दाखवणार नाही. पोरांना मंडळीची कहाणी मी नेहमी ठासून सांगते, काही अडत नाही. एकच गोष्ट त्यांना सांगत नाही. तुमचं चालणं, हात, सुईत दोरा ओवताना मिटणारा एक डोळा, सगळं मला आठवतं. तुमची पदं तर शेवटच्या तानेपर्यंत पाठ आहेत. पण तुमचा आवाज, अण्णा, आता मला ऐकू येत नाही. डोळे मिटून तुमचं पद ऐकायला बसले की पहिल्या ओळीपासून गातो तो माझाच गळा असतो.