बाबांच्या शेजारची जागा

२९ सप्टेंबर, मंगळवार

आले एकदाची गावी, आयशेनफेल्डला! ह्यूस्टनहून एकटीनं गाडी चालवत आले, पाठ मोडून निघाली. आईनं दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलीस की गं! बरी दिसतेस. मागच्या वर्षी काय पिंप झाली होतीस!" — झालं स्वागत.

पाऊल टाकल्या टाकल्या सांगून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. की डॉक्टरांनी हात टेकलेत. आधी आतड्यात कॅन्सर, आता यकृतात. नाताळ दिसला तर दिसला. पण हिला वेळ कुठं! स्वयंपाकघरात कोंबडीचं सूप उकळत होतं. मला वाटलं, माझ्यासाठी. चमचा घातला तर मिठाचा कण नाही.

"हात लावू नकोस. नेल्डाचं आहे ते."

नेल्डाचं! आणि आई करतेय!

३० सप्टेंबर

आता उलगडलं. आधी कळायला हवं होतं, मीही याच गावची.

नेल्डा म्हणजे बाबांची नेल्डा. चर्चमध्ये दोघं शेजारी उभी राहून गायची. दर गुरुवारी तालमीनंतर बाबांना घरी यायला उशीर का होतो, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मला तिला मावशी म्हणायला लावायचे — बाबाच! कळायला लागल्यापासून मी कधी म्हटलं नाही. आई तर तिला पाहिलं की रस्ता बदलायची.

सगळं घोडं स्मशानात पेंड खातंय. आमच्या चर्चच्या स्मशानात नवरा-बायकोला शेजारी पुरत नाहीत. ज्या क्रमानं माणसं मरतील त्या क्रमानं ओळीत. सावकार असो की गडी. पणजोबांच्या पिढीनं जर्मनीहून येताना हा नियम बरोबर आणला आणि गाव अजून त्यावर मिशीला पीळ भरतं. ऑगस्टमध्ये बाबा गेले. त्यानंतर चर्चमधलं कुणीच गेलेलं नाही. शेजारची जागा रिकामी! पुढं जो मरेल त्याची. आई पास्टरच्या पाया पडून आली, तो म्हणाला, नियम म्हणजे नियम.

आणि नेल्डाचं हृदय पार कामातून गेलंय. आई मात्र ठणठणीत. डॉक्टरनं तिला सांगितलं, "तुम्ही शंभरी गाठणार!" तर रडत घरी आली. म्हणून हे बिनमिठाचं सूप; मीठ म्हणजे तिला विष. दुसरं कुणीतरी मरेपर्यंत नेल्डाला जगवायचं.

२ ऑक्टोबर

ऑक्टोबरातल्या बीअरच्या सणाचे बटाटे सोलायला चर्चच्या हॉलमध्ये. चौकात पर्यटकांसाठी बँड चाललाय. चामड्याच्या अर्ध्या चड्ड्यांतले केसाळ पाय, सगळे डॅलसहून भाड्यानं आणलेले. जर्मन एकालाही येत नाही. आम्हाला तरी कुठं धड येतं!

बायका मला कोपरखळ्या मारून सांगत होत्या, "केवढं मन गं तुझ्या आईचं! सवतीची कुणी अशी सेवा करतं?" आई मान खाली घालून सोलत राहिली. संतच! मग हळूच विचारलं, "म्हातारा वेर्नर कसा आहे गं?"

"एकदम बरा! काल मासे धरायला गेला होता."

आईचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना. हसताना पोटात कळ आली, तर कुणी बघितलंही नाही.

३ ऑक्टोबर

आज सांगणारच होते. नेल्डाचे पाय सुजले. आई तिला घेऊन डॉक्टरकडे.

४ ऑक्टोबर, रविवार

आई सणाच्या कामात, म्हणून सूप मी नेलं. नेल्डा खुर्चीत बसलेली, सुजलेली, ओठ निळे.

"ये वर्लीन. आज तुझी पाळी का पहाऱ्याची?"

चमच्यानं भरवायला घेतलं. दोन घोट घेऊन तिनं तोंड फिरवलं. "तुझ्या आईला वाटतं, मला कळत नाही. घरातलं मीठ उचलून नेलं तिनं! एक खारी सॉसेज आण गं पोरी. कोबीचं लोणचं आण. पोटभर खाते आणि जाते तुझ्या बाबांकडे. कुणाचं काय जातंय?"

"माझ्या दहाव्या वाढदिवशी गुरुवार होता," मी म्हटलं. "बाबा आलेच नाहीत. केक आई आणि मीच खाल्ला. गीळ ते सूप."

गिळलं तिनं. डोळ्यांतून पाणी काढत अख्खा वाडगा गिळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

६ ऑक्टोबर

सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावर, एका दमात. आतडं, यकृत, नाताळ.

आईनं गॅस बारीक केला. माझ्यासमोर बसली, माझा हात हातात घेतला. लहानपणी तापात घ्यायची तसा. रडली. मी पण रडले, म्हटलं, शेवटी आई ती आईच! मग तिनं एप्रननं डोळे पुसले.

"तुझं नाव अजून आपल्याच चर्चमध्ये आहे ना? ह्यूस्टनला गेल्यावर काढलं नाहीस ना?"

"नाही. का?"

"मग तू झोपशील बाबांच्या शेजारी. घरचंच माणूस." आणि उठून पातेल्यातलं सूप ढवळायला लागली. "म्हणजे नेल्डाला आता नाताळपर्यंतच सांभाळायचंय. तेवढं जमेल मला."

किती हलकं वाटत होतं तिला! पाठमोरी होती तरी दिसत होतं. मी तिथंच बसून होते. तिनं मला चहासुद्धा विचारला नाही.

७ ऑक्टोबर

सूपमध्ये आज अख्खी कोंबडी. गुणगुणतेय.

९ ऑक्टोबर

"सूप मी नेते," म्हटलं. आई खूश. सूप कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातलं. खाटकाकडून खाऱ्या सॉसेज घेतल्या, कोबीच्या लोणच्याची मोठी बरणी, आणि मिठाचा पुडा. नेल्डामावशीनं बोटं चाटून खाल्लं. मी तिचं तोंड पुसून दिलं. उद्या पुन्हा नेणार आहे.