निनवेचा राजा राखेतून उठत नाही

लाटंबार्से, डिचोली, गोवा
शिमगा उरकल्यानंतरचा पहिला बुधवार

प्रिय सखाराम यास,

तुझ्या घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तू माझ्या बायकोचा थोरला भाऊ म्हणून तुला नमस्कार, आणि राजपार्टात मुकुट चढवल्यावर माझ्यापेक्षा एक पायरी खाली म्हणून आशीर्वाद. दोन्ही ठेवून घे. तुझा खोकला आणि वहिनींची कंबर कशी आहे ते कळव. इकडे आम्ही खुशाल. माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघ्याविषयी विमलाने फोनवर तुला काही सांगितले असेल तर ते मनावर घेऊ नकोस. आणि मोबाईल असताना हे पत्र कशाला लिहितो असे तुला वाटेल, तर फोनवर तू माझे बोलणे मध्येच तोडतोस (रंगमंचावरही तीस वर्षे तोडलेस), कागदावर तुला ते जमायचे नाही.

तुला ठाऊकच आहे की गेले दोन हंगाम मला एकाही दशावतारी कंपनीचे बोलावणे आले नाही. मालक म्हणतात, नव्या मुलांना पुढे आणायचे आहे. आणा बापडे. मी तक्रार करत नाही. सकाळी पोदेराची सायकल वाजली की पाव घ्यायचा, चहा प्यायचा, काजूत फिरून बोंडे वेचायची आणि दुपारी घरापुढच्या बाल्कांवावर बसून रस्त्याने जाणाऱ्यांना मोठ्या आवाजात हाका मारायच्या, एवढाच माझा आवाजाचा रियाज उरला होता. अशात महिन्यापूर्वी एका दुपारी विनोदिनीबाई स्कूटरवरून आमच्या दारात उतरल्या.

या बाई तुला माहीत नाहीत. पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्या पायात काजूचा खुंट घुसला तेव्हा त्यांनीच तो काढला. बाप्टिस्ट ख्रिश्चन आहेत. म्हणजे आपल्या इकडच्या इगर्जीतले, कॅथलिक, नव्हेत. ही वीस-पंचवीस कुटुंबे सोलापूर, नगरकडून खाणींवर कामाला आली आणि इथलीच झाली. बोलतात मराठी, आणि रविवारी डिचोलीत एका दुकानावरच्या माडीवर प्रार्थनेला जमतात. बाईंची मुलगी सत्यवती, तीही नर्सच, नवऱ्याबरोबर मिशनरी म्हणून आफ्रिकेत मलावी नावाच्या देशात गेली आहे. तिथे एवढे मोठे तळे आहे म्हणे की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि काठाकाठाच्या गावांत ही मुलगी होडी वल्हवत औषधे घेऊन जाते. तर त्या होडीला इंजिन बसवायचे, म्हणून इथली मंडळी निधी जमवीत होती.

आता गोव्यात कशालाही पैसे जमवायचे म्हणजे आकड्यांची हाउजी. पण यांचे पास्टर म्हणाले, तो जुगार. लॉटरी? तोही जुगार. मी आपले सुचवले की हंगाम काजूचा आहे, एका रविवारी पहिल्या धारेची उर्राक विकायला ठेवली तर इंजिन काय, आगबोट येईल. त्यावर बाईंनी माझ्याकडे, सुई टोचण्यापूर्वी नर्स पाहते ना, तसे पाहिले. म्हणाल्या, "गोकुळदास, तुम्ही नाटक करायचं. तुमचा राक्षस मी पेडण्याच्या जत्रेत पाहिलाय. माझी मुलगी घाबरून माझ्या पदरात शिरली होती." सखाराम, ज्या माणसाला दोन वर्षे कोणी विचारले नाही त्याला असे सांगितल्यावर तो काय करील? तरी मी मान राखून म्हटले की विचार करून सांगतो. बाई उठल्याच नाहीत. नकार हा शब्द त्यांच्या कानात शिरतच नाही. मी त्यांच्यासमोरच विचार केला आणि हो म्हटले.

(विमला आतून म्हणाली, "आता ह्या वयात खंय नाचूक जातलात?" गावातही एकदोघांनी विचारले की गोकुळदास ख्रिश्चन झाला काय. मी म्हटले, चाळीस वर्षे राक्षस होत आलो, तेव्हा कोणी विचारले नाही राक्षस झालास काय म्हणून.)

गोष्ट योनाची. देव योनाला सांगतो, निनवे शहरात जा आणि तिथल्या पापी लोकांना बजाव की सुधारा, नाहीतर चाळीस दिवसांत शहर उलथून पडेल. हा गृहस्थ घाबरून उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. समुद्रात वादळ, मग मासा त्याला गिळतो, तीन दिवसांनी काठावर ओकतो, आणि मग तो मुकाट्याने निनवेला जातो. ते ऐकून निनवेचा राजा सिंहासनावरून उतरतो, अंगावरचा शेला काढतो, गोणपाट नेसून राखेत बसतो, आणि देव शहराला वाचवतो. मला राजा. योनाच्या कामाला त्यांच्यातला निलेश, विम्याच्या कचेरीत नोकरीला आहे, मुलगा गुणी पण आवाज असा की शेजारच्या टेबलाशी बोलतो आहे.

पास्टरांनी मला सात पानांचा कागद दिला. मी तो नमस्कार करून परत केला. दशावतारात कागद नसतो, गोष्ट सांगा, बोलणे माझे. ते म्हणाले, "पण काका, ही पवित्र शास्त्रातली गोष्ट आहे. शेवट बदलता येणार नाही." मी म्हटले, शेवट आहे तोच राहील, फक्त पोचायला थोडा वेळ घेईन. तालमीत मात्र एक अडचण येई. राखेत बसायची जागा आली की मी म्हणायचो, हे प्रयोगात करीन. राजपार्ट वाकला की त्याची धार जाते, हे तुला सांगायला नको. (गुडघ्याचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.) विनोदिनीबाईंनी तीनदा विचारले, "बसणार ना?" मी तीनदा म्हटले, "बघू."

प्रयोग रविवारी दुपारी चारला, डिचोलीत भाड्याच्या सभागृहात. रात्रभर चालणारा दशावतार आणि दुपारी चार! पण शेवटची बस चुकली तर लोक घरी कसे जाणार. सभागृह भरले. पुढे त्यांची मंडळी, मागे आपल्या लाटंबार्श्याचे निम्मे गाव, म्हापशाहूनही बरेच आले होते. पखवाज पेडण्याहून आणला, पेटी त्यांच्यातल्याच एका काकांची. बाकड्यावर तांबडे कापड टाकून सिंहासन केले आणि त्यापुढे राख पसरली. माझी एंट्री झाली आणि टाळ्या पडल्या. सखाराम, दोन वर्षांनी. मग मला बोलायचे एवढे सुचले की थांबता येईना.

निलेश आला आणि म्हणाला, "राजा, चाळीस दिवसांत हे नगर नष्ट होईल." मी विचारले, चाळीसच का? एकोणचाळीस का नाही? मुहूर्त कोणी काढला? हशा पिकला. तो पुन्हा म्हणाला, मला देवाने पाठवले आहे. मी बाकड्यावर पाय टाकून म्हटले, "देवाने पाठवले ते इकडे. तू जहाज कुठले पकडलेस? उलट्या दिशेचे! ज्याने देवाचा हुकूम मोडला त्याने मला हुकूम सांगावा?" मागून शिट्ट्या. राजाला हे कळलेच कसे, हा प्रश्न निलेशच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. विंगेत पास्टर पुस्तक उघडून एका ओळीवर बोट आपटत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. वीस मिनिटे मी निनवेची बाजू मांडली. कर भरतो, रस्ते झाडतो, पाहुण्याला उपाशी पाठवत नाही, मग पाप कसले? लोक टाळ्यांवर टाळ्या देत होते. माझ्या मनाने पक्के केले की हा राजा वाकत नाही, काय व्हायचे ते होवो. त्या वेळी मला ना होडी आठवत होती ना तळे, हे तुला म्हणून सांगतो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून विनोदिनीबाई उठल्या. नेसत्या सुती साडीत, चप्पल काढून, पायऱ्या चढून सरळ दरबारात आल्या. तालमीत असे काही नव्हते. पखवाजवाला थांबला. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळू पण मागच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलल्या, "राजे, मी तुमच्या नगरातली एक म्हातारी. माझी मुलगी तळ्यापलीकडे एका बाळंतिणीकडे निघाली होती. वारा उलटा. वल्हवत पोचायला तिला चार तास लागले. मूल वाचलं, आई गेली. परवा तिनं फोनवर मला विचारलं, आई, मी परत येऊ का? राजे, तुम्हाला एवढं बोलता येतं, तर मला सांगा, मी तिला काय सांगू?"

चाळीस वर्षांत समोरच्याला उत्तर दिले नाही असे माझे झाले नाही (तुलासुद्धा नेहमी दिले). त्या दिवशी मी एवढेच म्हटले, "थांब म्हणावं तिला. होडी येते." आणि मी बाकड्यावरून उतरलो, शेला काढून बाईंच्या हातात दिला, आणि गुडघे टेकून राखेत बसलो.

बसताना गुडघ्यात कट् असा आवाज आला. पखवाजवाल्याने तो ताल समजून थाप दिली.

आता पुढचे नीट ऐक. गोष्टीप्रमाणे योना म्हणतो, देवाने क्षमा केली, ऊठ. निलेशने म्हटले. मी उठायला गेलो आणि उठता येईना. कमरेखाली माझे काही उरलेच नाही असे वाटले. निलेश कानाशी येऊन म्हणाला, "काका, उठा ना." आता लोकांसमोर, रे सखाराम, निनवेचा राजा गुडघ्यापायी अडकला असे सांगायचे? मी दोन्ही हात वर करून गरजलो, "मी उठणार नाही! त्या होडीसाठी माझ्या प्रजेने हात सैल केल्याशिवाय हा राजा राखेतून उठणार नाही!"

आणि माणसे उठली. पास्टरांनी घाईघाईने दोन पिशव्या धरल्या. बायका आल्या, बुवा आले, आपला पोदेर आला, आणि ज्याने मला ख्रिश्चन झालास काय म्हणून विचारले होते तोही आला. एकदा टाकून जागेवर गेलेले लोक पाहत, राजा अजून बसलेलाच, म्हणून पुन्हा यायचे. पास्टर डोळ्यांनी खुणावू लागले की पुरे, आता उठा. मी डोळ्यांनी सांगत होतो की जमत नाही. त्यांना वाटले मी आणखी मागतो आहे, त्यांनी तिसरी पिशवी काढली. शेवटी विनोदिनीबाई वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटल्या, "गुडघा मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. म्हणून राखेखाली गोधडी घातलीय." तेव्हा मला कळले की राख इतकी मऊ का लागली. बाईंनीच चौघांना हाक मारली, त्यांनी मला बाकड्यावर ठेवले, बाकडे खांद्यावर घेतले, झांज वाजली, आणि मी लोकांना हात करत विंगेत गेलो. अशी एक्झिट कंपनीत कधी कोणाची झाली नाही. तुझी तर नाहीच.

इंजिनाचे निम्म्याहून जास्त पैसे झाले. सत्यवतीने फोनवर आईला सांगितले की ती राहते आहे. उरलेल्यासाठी पुढल्या महिन्यात म्हापशाला दुसरा प्रयोग ठरला आहे, आणि मी बाईंना शब्द दिला आहे की इंजिन लागेपर्यंत निनवे बंद होणार नाही. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा मेव्हणा,
गोकुळदास

ता.क. म्हापशाचा प्रयोग पाहायला तू यावेस असे पास्टरांचे म्हणणे आहे. माझा आग्रह नाही.

ता.क. दुसरा. येणारच असलास तर राजाचा पोशाख आणि रंगाची पेटी बरोबर असू दे. प्रवासात सामान हाताशी असलेले बरे.

ता.क. तिसरा. (हो विमलान लिहिलो.) दादा, ह्यांका बिछान्यावरसून उठाक येणा नाय. डॉक्टरान दोन म्हैने जमनीर बसाचा नाय म्हणान सांगल्यान. म्हापशाक राजा तुकाच करूक होयो. ह्या पत्राच्या आदी ह्यांनी तीन पत्रां लिहिल्यानी आणि फाडल्यानी. तिनांतय पयली ओळ तीच होती, सखाराम, राजपार्टात तू माझ्यापरस बरो. मी तुकडे जुळवून वाचलंय. तू ये, आणि मी कळवलंय ह्या ह्यांका सांगू नको. 'ह्या सगळा मी माझ्या मनान लिहिलंय' असा लिही, म्हणान ह्यांनीच माका सांगल्यानी.