हिरवा पाय आणि टाकीवरची रेघ

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

आज सासऱ्यांची मोटारसायकल पहिल्यांदा कुणीतरी खऱ्या अर्थाने चालवली. म्हणजे मी. धरणापर्यंत गेलो आणि आलो. बायको म्हणाली होती की उजेड आहे तोवर परत ये, दिवेलागणीला तळ्याकडून किडे उठतात. किड्यांना विचारून बाहेर पडायचं असेल तर माणसाने चालतच जावं.

सासऱ्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं वापरली, असं ते म्हणतात. माझ्या मते पुसली. रोज सकाळी गाडी पुसायचे आणि मग दूध आणायला चालत जायचे. आता गुडघे दुखतात म्हणून गाडी सध्या माझ्याकडे आहे. तेवीस तारखेला त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. त्या दिवशी गाडी कायमची कुणाच्या नावावर करायची ते सांगणार आहेत. उमेदवार दोन. एक मी. दुसरा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा इसम स्कूटर चालवतो आणि डिकीत दोन फडकी ठेवतो, एक कोरडं, एक प्लास्टिकच्या पिशवीत ओलं. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

परत आलो तेव्हा हेडलाइट, समोरची प्लास्टिकची काच, टाकी, सगळीकडे किडे. चिलटं, पतंग, आणि हेडलाइटच्या बरोबर मधोमध काहीतरी हिरवं, मोठं, एक पाय वर करून चिकटलेलं. बायको खाली आली होती. म्हणाली, आत्ताच ओल्या फडक्याने पूस, वाळलं की निघत नाही. म्हटलं, किडे आहेत कारण वेग होता. साडूच्या स्कूटरवर किडे मागून येऊन आपटत असतील. ती हसली नाही. या घरात विनोदबुद्धी माझ्या एकट्याकडे आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

किडे पुसायचे नाहीत, असा निर्णय घेतला. मिरवायला लाज वाटावी असं त्यात काही नाही.

ऑफिसच्या गेटसमोर मुद्दाम आडवी लावली. कॅशियरने विचारलं, गाडीवर काय सांडलंय? शांतपणे सांगितलं की शंभरच्या पुढे काटा गेला की असं होतं. तो म्हणाला, या मॉडेलचा काटा ऐंशीच्या पुढे जात नाही, त्याच्या मामाकडे होती. कॅशियर लोकांना मामा फार असतात.

बाकी कुणी विचारलं नाही. माझ्याशी बोलायला दडपण येत असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर गाडी उन्हात. किडे आता कडक झालेत. नखाने खरवडून पाहिलं. नख तुटलं.

मेहुणीचा फोन बायकोला. साडूने विचारलंय म्हणे, गाडी कशी आहे. बघा. जीव कसा टांगणीला लागलाय बिचाऱ्याचा. बायकोने सांगितलं, किड्यांनी भरलीय. मी तिथेच होतो. घरातल्या गोष्टी अशा बाहेर सांगणं मला पसंत नाही, हे मनात म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा विचार. चिखल पूर्ण वाळला की आपोआप गळून पडतो. किडा म्हणजे तरी काय, उडणारा चिखल. पूर्ण वाळू द्यायचा. रविवारी नुसती टिचकी मारायची. साडू असता तर आतापर्यंत चारदा पुसून बसला असता. घाईत माणसाचं डोकं चालत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

आज सफाई. नऊला सुरू, साडेनऊला संपली, मग आराम. बायकोला सांगितलं की चहा साडेनऊला ठेव.

दुपार

टिचकीने काही झालं नाही. जोरात टिचकी, तरी नाही. मग कोरडा पेपर घासला. मग भांड्यांचा तारेचा काथ्या. काथ्याने मात्र फरक पडला. किडे आहेत तिथेच आहेत, पण आजूबाजूची चमक गेल्यामुळे आता ते पूर्वीइतके उठून दिसत नाहीत.

बायको गॅलरीतून म्हणाली, फडकं पाण्यात भिजवून वर नुसतं ठेव, पाव तास. नुसतं ठेव, घासू नकोस. नुसतं ठेवून जगात कुणाचं भलं झालंय? मी काही पापड वाळत घालत नव्हतो. वर म्हणाली, टाकीवरच्या रेघेला सांभाळ.

ही रेघ म्हणजे एक प्रकरण आहे. टाकीच्या उजव्या बाजूला कुणीतरी ब्रशने ओढलेली पिवळी रेघ. सुरुवातीला जाड, मध्ये खाली उतरते, शेवटी पुन्हा वर जाते आणि एक थेंब. कंपनीचं काम नव्हे हे आंधळ्यालाही कळेल. सासऱ्यांचाच हात असणार. त्यांच्या स्वभावाला धरून आहे.

चहा गार झाला. परत गरम करून द्यायला बायकोने नकार दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात मोबाइलवर अभ्यास केला. साहेबांनी दोनदा बघितलं, पण मी कपाळाला आठ्या घालून बघत होतो, त्यामुळे काम वाटलं. एका व्हिडिओत एक परदेशी माणूस हेडलाइटला टूथपेस्ट लावतो आणि हेडलाइट लख्ख होतो.

घरी येऊन लावली. अर्धी ट्यूब. फेस छान झाला, पाव किलोमीटरपर्यंत पुदिन्याचा वास. धुतल्यावर हेडलाइटवर धूसर गोल गोल रेघोट्या आणि मधोमध तो हिरवा पाय. अजून वर केलेला. मला वाटतं, या जातीचे किडे बाहेरून येतात. आपले किडे इतके हट्टी नसतात.

बायकोने विचारलं, टूथपेस्ट कुठे गेली? म्हटलं, संपली. हे खोटं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टाकीला पेट्रोल. गाडीत पेट्रोलच असतं, तेव्हा गाडीला ते सोसायलाच हवं, हा साधा तर्क. फडकं भिजवलं, दाबून घासलं. टाकीवरचे किडे निघाले. सगळे. एकही उरला नाही.

पिवळी रेघही निघाली.

आधी वाटलं, फडक्यावर किड्यांचंच काहीतरी पिवळं आलंय. मग बघितलं तर रेघ गायब. थेंबसुद्धा. रंग कच्चा होता, दुसरं काय. चांगल्या रंगाला पेट्रोलने काही होत नाही.

जुनी चादर शोधून गाडीवर टाकली. बायकोला सांगितलं की रविवारपर्यंत कुणी चादर उचलायची नाही, सरप्राइज आहे. ती म्हणाली, बरं. एवढ्या लवकर ती कधीच बरं म्हणत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता राहिली काच. इथे बायकोच्या ड्रॉवरमधलं नेलपॉलिश काढायचं लिक्विड वापरलं. जे नखावरचा पक्का रंग काढतं त्याच्यापुढे चिलट काय चीज आहे. साडूच्या डोक्यात हे सात जन्मांत आलं नसतं.

चिलटं निघाली. काच मात्र दुधाळ झाली. पलीकडचं दिसत नाही. ऊन कमी लागेल. मोठ्या गाड्यांना अशी काच लोक मुद्दाम लावून घेतात. मी फुकटात केली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रेघेचा बंदोबस्त. स्टेशनरीच्या दुकानातून सोनेरी स्केचपेन आणि फूटपट्टी. दुकानदारीण म्हणाली, मुलाचा प्रोजेक्ट का? म्हटलं, इंजिनिअरिंग आहे.

टाकी गोल असते आणि फूटपट्टी सरळ, त्यामुळे थोडे कष्ट पडले. पण रेघ आली. सरळ, सोनेरी, एकसारखी. थेंब अर्थातच दिला नाही. आधीच्या रेघेपेक्षा किती बरी आहे हे सासऱ्यांच्या लक्षात आलं नाही तरच नवल. त्यांना आयुष्यभर सरळ रेघ जमली नाही, जावयाने ओढून दिली. यानंतर साडूला कोण विचारतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उरलेलं काम: हिरवा पाय. स्क्रू ड्रायव्हरने प्रयत्न केला. हेडलाइटला एक ओरखडा वाढला. पाय तसाच. शेवटी ठरवलं, राहू दे. नंबरप्लेटसारखी एखादी ओळख गाडीला असावी.

बायकोला सहज विचारलं, बाबा गाडी तुझ्या नवऱ्याला देतील ना? ती म्हणाली, बाबा गाडी बघतील. बायकोला सरळ उत्तर देण्याची सवय नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

चादर काढली. बायको खाली आली. हेडलाइटकडे बघितलं, काचेकडे बघितलं, मग टाकीच्या उजव्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ. रेघेवरून बोट फिरवणार होती, पण फिरवलं नाही. माझ्या कामापुढे शब्द सुचत नसावेत.

ती मागे बसली. काचेतून दिसत नसल्यामुळे मी मान एका बाजूला काढून चालवली. स्टायलिश दिसत असणार, कारण लोक वळून बघत होते.

२३ नोव्हेंबर, घरी आल्यावर

आम्ही गेलो तेव्हा सासरे त्यांच्या दारातच उभे होते. साडू आणि मेहुणी आधीच पोचलेले. साडूची स्कूटर फाटकाशी, आरशासारखी. नुसतं बघून कंटाळा येतो.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवर टकटक केलं. मग रेघेवर बोट ठेवलं. बोटाच्या टोकाला सोनेरी रंग आला. तो त्यांनी बघितला आणि खिशातल्या रुमालाला पुसला.

विचारलं, जावईबापू, आधीची रेघ कुठंय?

मी तांत्रिक बाजू समजावून सांगितली. रंग कच्चा होता, रेघ वाकडी होती, आता सरळ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती हिने ओढली होती. सहा वर्षांची होती. गाडी आणली त्या दिवशी हट्ट धरून बसली की मलापण रंगवायचंय. मी डबा धरला होता. मग बायकोकडे बघून म्हणाले, तो थेंब पडल्यावर किती रडली होतीस, आठवतं?

बायको म्हणाली, आठवतं. एवढंच.

नंतर कळलं की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे तिने मला सांगितलं होतं. असेल. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात माणसाला बरंच काही सांगितलं जातं. पण तिथे उभं असताना मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. सकाळी काही खाल्लं नव्हतं, त्याचाही भाग असेल.

इतक्यात साडूने डिकीतून ओलं फडकं काढलं, हेडलाइटवर नुसतं ठेवलं आणि जेवायला आत आला. बोलला काही नाही. असल्या माणसांचं हेच, बोलत नाहीत म्हणून त्यांना उत्तरही देता येत नाही. जेवण झाल्यावर बाहेर जाऊन त्याने फडकं उचललं आणि एकदा हात फिरवला. हिरवा पाय निघाला. एकाच फेरीत. माझ्या मते तो आदल्या दिवशीच्या स्क्रू ड्रायव्हरने सैल झाला होता, आणि हे मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा. मेहुणी पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मग निकाल. मोटारसायकल साडूकडे. सासरे म्हणाले, जमेल तेवढी नीट करून घे. आणि बदल्यात साडूची स्कूटर आमच्या घरी. पण नावावर बायकोच्या. माझ्या नाही. सासऱ्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटून वर आपला हात थोडा वेळ तसाच ठेवला. मी मध्ये हात पुढे केला होता. तो मग केसांतून फिरवला.

एक चांगलं झालं. निघताना साडू बायकोला म्हणाला, रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवतो, ताई, तुम्ही येऊन परत रेघ ओढा. ती हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. साडूवर हसायला हरकत नाही, मी नेहमीच हसतो. पण हे ते हसणं नव्हतं.

परतीला स्कूटर तिने चालवली. मी मागे. तळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवे लागायची वेळ. मी तिला सांगत होतो की खरं बघितलं तर जिंकलो आपणच. जुना खटारा गेला, बसायला सुटसुटीत स्कूटर आली, आणि किडे काढण्याच्या बाबतीत आता या घराण्यात माझ्याइतका अनुभव कुणालाच

इथपर्यंत बोललो आणि तोंडात गेला. मोठा होता. बहुतेक हिरवाच.

तिने गाडी बाजूला घेतली. मी थुंकलो. हनुवटीवर एक पंख की पाय असं काहीतरी चिकटलेलं लागत होतं. मी म्हटलं, काही नाही, वाळला की आपोआप पडेल.

तिने डिकी उघडली. फडकी दोन्ही होती, साडूने गाडीसोबत ठेवलेली. कोरडं तिने बाजूला सारलं आणि पिशवीतलं ओलं माझ्या हातात दिलं.

म्हणाली, आत्ताच पूस.

पुसलं.